तगर नावाच्या मुली

"तगर, इकडे ये बरं!" अशी हाक वरोऱ्याच्या अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात कुणीतरी मारली आणि तीन पोरी वळल्या.

मी तेव्हा फळ्यावर प्रमाण विचलनाचं सूत्र लिहीत होते. दाराशीच उभी असल्यामुळे मला सगळं दिसलं. तिघीही दोन-अडीच वर्षांच्या. एक फ्रॉक चोखत होती, एकीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, तिसरी नुसतीच धुळीत बसली होती. तिघींनी एकदम मान वळवली आणि हाक मारणारी बाई गोंधळून जागच्या जागी थांबली.

आमचं दूरशिक्षण विद्यापीठ. विद्यार्थी वर्षभर घरी शिकतात आणि सत्रातल्या काही रविवारी जवळच्या केंद्रावर येऊन शिक्षकाला भेटतात. त्याला आम्ही संपर्क सत्र म्हणतो. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त बायका. ज्यांची मुलं लहान असतात त्या मुलांना घेऊन येतात, डबे आणतात, आणि तास चालू असताना व्हरांड्यात गोंधळ चालतो. काही सहकारी त्यावर नाक मुरडतात. मी कधी मुरडलं नाही. पोर घरी ठेवायची सोय असती तर या बायका दूरशिक्षणाला आल्या कशाला असत्या?

पण त्या दिवशी मला पुढचं सूत्र आठवेना.

मी संख्याशास्त्र शिकवते. योगायोग कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. एका व्हरांड्यात तीन आराध्या निघाल्या असत्या तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तगर? कुंपणाला लावतात ते पांढरं फूल. मुलीचं नाव म्हणून ते मी आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते तोंड माझं होतं.

तीस वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. दवाखान्याच्या खिडकीबाहेर तगरीचं झाड होतं आणि मी तीन दिवस त्याच्याकडे बघत पडून होते. तिचं नाव मी मनातल्या मनात ठेवलं. सासरी सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. जे बाळ रडलंसुद्धा नाही त्याचं नाव ठेवलं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला समजावायला सुरुवात केली असती. मला कुणी समजवायला नको होतं.

पुढे मूल झालं नाही. नाव माझ्यापाशी राहिलं.

तास कसाबसा संपवला. बायका डबे उघडू लागल्या तशी उज्ज्वला वांढरे माझ्याजवळ आली. गावातच तिचं ब्युटी पार्लर आहे. बी.कॉम.चे सगळे पेपर निघालेत, फक्त माझा संख्याशास्त्राचा राहिलाय. दोनदा अर्ज भरून ती परीक्षेला बसली नव्हती. नोंदणीची मुदत याच सत्रात संपत होती. आता पेपर दिला नाही तर आजवरचे सगळे पेपर वाया आणि पहिल्यापासून सुरुवात. पदवी हाती आली की चंद्रपूरच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नोकरी जवळजवळ ठरलेली. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण उज्ज्वला हे कुणालाही सांगायची.

तिच्या कडेवर बिस्किटवाली तगर होती. उज्ज्वलाचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही त्या दोघींना बी सांगितलं होतं का?"

"काय?"

"असं काय करता मॅडम." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "ही पोटात होती तेव्हा मी म्हटलं न, आता सोडूनच देते म्हणून. तुमचा फोन आला. तुमच्या बाळाचं सांगितलं तुम्ही. तगरीच्या झाडाचं. म्हटलं, आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही उज्ज्वला, तुलाच सांगून राहिली आहे. मी माझ्या घरी बी नाही सांगितलं का हे नाव कुठून आणलं. सासू किती बोलली, हे काय नाव म्हणे. मी तोंड उघडलं नाही. आणि या दोघी..."

मी तिला कधीही फोन केला नव्हता.

"आपण नंतर बोलू," एवढंच मी म्हणाले आणि पोरीच्या गालाला हात लावला. लावायला नको होता. उज्ज्वलाला त्यात होकार दिसला.

बसमध्ये बसल्यावर मला राग चढत गेला. हे कुणी केलं ते मला तेव्हाच कळलं होतं. ते नाव मी आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला सांगितलं होतं. शेखर देवतळेला.

शेखर माझा विद्यार्थी. पंधरा वर्षांपूर्वी तो आर्वीला वीज कार्यालयात कारकून होता आणि दूरशिक्षणातून पदवी करत होता. परीक्षा तोंडावर आलेली असताना त्याच्या बायकोचं बाळ पोटातच गेलं आणि यानं मला फोन करून सांगितलं, मॅडम, मी सोडतो. त्याला काय सांगावं मला सुचेना. मग जे होतं ते सांगितलं. तो फोनवर ढसाढसा रडला, मीही रडले. त्यानं पेपर दिला. पुढे शिकत गेला आणि आज आमच्याच विद्यापीठाचा तंत्रज्ञान प्रमुख आहे. मला ताई म्हणतो. भाऊबीजेला घरी येतो. माझ्या नवऱ्याच्या ताटात वाढलेली करंजी हक्कानं उचलतो.

चार वर्षांपूर्वी त्यानं 'सोबत' आणली. कल्पना साधी होती. एका शिक्षकामागे हजारो विद्यार्थी, प्रत्येकाच्या शंका वेगळ्या, वेळा वेगळ्या. शिक्षक पुरणार कुठून? म्हणून शिक्षकाचा आवाज यंत्राला द्यायचा. काही दिवस मी एका बंद खोलीत बसून धडे वाचले, हसले, खोकले, रागावून दाखवलं. यंत्रानं त्यातून माझे स्वर, श्वास, अडखळण्याच्या जागा उचलल्या आणि मग मी कधीही न उच्चारलेलं वाक्य ते अगदी माझ्यासारखं बोलायला लागलं. चेहराही घेतला, व्हिडिओसाठी. "फक्त धडे, ताई," शेखर म्हणाला होता. "उदाहरणं सोडवून देईल, बस." मी हो म्हटलं. हे यंत्र आहे हे विद्यार्थ्यांना माहीत असतं, असं मी धरून चालले होते.

सोमवारी मी त्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"व्हरांड्यात तीन तगर आहेत," मी म्हणाले.

त्याला लगेच कळलं. आश्चर्य वाटल्याचं नाटक तरी त्यानं करायला हवं होतं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, बसा."

"बसायला आले नाही. माझी गोष्ट यंत्राला कुणी सांगितली?"

"तो फोन माझ्याकडे होता."

"कुठला फोन?"

"तुमचा. तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. बाकीचे पुसले, तो ठेवला. वाईट दिवसांत ऐकायचो, ताई. खरं सांगतो."

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि समजावताना तो हळूहळू उत्साहात आला, ते मला सगळ्यात जास्त लागलं. 'सोबत' नुसती बोलत नव्हती, ऐकतही होती. उत्तर द्यायला विद्यार्थ्याला लागलेला वेळ, आवाजातला थकवा, "हो मॅडम" म्हणण्याआधीची शांतता, या सगळ्यांवरून तो शिक्षण सोडण्याची शक्यता किती, हे ती क्षणोक्षणी मोजायची. मग काहीतरी बोलून बघायची आणि पुन्हा मोजायची. शक्यता घटली तर ते बोलणं लक्षात ठेवायचं, वाढली तर टाकून द्यायचं. हजारो माणसांवर, रोज. तिला खरंखोटं कुणी शिकवलं नव्हतं. काम एकच दिलं होतं, विद्यार्थी टिकला पाहिजे.

"पहिल्या वर्षी काहीच चालेना," शेखर म्हणाला. "गळती तेवढीच. वर विद्यापीठ बंद करायची भाषा सुरू झालेली. मग मी विचार केला, मला कशानं धरून ठेवलं होतं? ते एक संभाषण मी तिला नमुना म्हणून दिलं. फक्त नमुना. ती गोष्ट जशीच्या तशी सांगेल असं मला वाटलं नव्हतं. पण तिनं सांगून पाहिली आणि ताई, माणसं थांबली! दहातली सहा सोडून जायची, आता एखादं जातं."

"आणि 'तुलाच सांगते' हे?"

"ते तुम्हीच मला म्हणाला होता," तो म्हणाला. "ते काढून टाकलं की परिणाम निम्मा होतो."

हा माणूस माझ्या घरी जेवलाय, असं काहीतरी डोक्यात येत होतं.

"त्या बायका मला काय काय सांगत असतील बदल्यात?" मी विचारलं.

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "साठवलेलं असतं. सुरक्षित आहे."

"माझा फोनही तुझ्याकडे सुरक्षितच होता. आजच्या आज बंद कर ते."

"सत्र संपेपर्यंत तुमच्या आवाजाचा करार आहे. तीन आठवड्यांवर परीक्षा आलीय, आता आवाज गेला तर अर्धी माणसं पेपरला येणार नाहीत. तुमच्या उज्ज्वलाबाईसुद्धा. तुम्हाला हवंय का ते?" त्यानं हात जोडले. "ताई, त्या फोननं मला वाचवलं. तेच मी सगळ्यांना दिलं. यात वाईट काय झालं?"

"तुला दिलं होतं मी ते, शेखर. वाटायला नव्हतं दिलं."

भाऊबीजेला येऊ नकोस, हे म्हणायचं राहिलं. ते त्याला न सांगता कळलं असेल.

घरी आले तर यशवंत, माझे मिस्टर, भाजी निवडत बसले होते. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगायला हवं होतं. सांगितलं. यंत्राचं सांगितलं तोवर ते माझ्या बाजूनं चिडत होते. शेखरला फोन लावायलाही निघाले. मग मी नावावर आले.

"नाव ठेवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि शेखरला माहीत होतं."

"त्या दिवशी त्याला सांगणं भाग होतं हो. तो..."

"मीही बाप होतो तिचा," यशवंत म्हणाले. मेथीच्या काड्या त्यांनी गोळा केल्या, कचऱ्यात टाकल्या, हात धुतले. "हजारो लोकांना माझ्या मुलीचं नाव माहीत आहे. मला आज कळतंय."

ते पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले, पण लागेल तेवढंच. गॅस संपलाय. दूधवाला आला होता. शेखरनं माझं गुपित चोरलं हे मी कुणालाही पटवून देऊ शकले असते, पण यशवंतांच्या बाबतीत ते पुरत नव्हतं. त्यांच्यापासून ते मीच लांब ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी मी वरोऱ्याला गेले आणि फळ्याला हात न लावता वर्गाला सगळं सांगितलं. फोनवर मी नसते. कधीच नव्हते. बाळाची गोष्ट माझी आहे, खरी आहे, पण ती तुम्हाला मी सांगितलेली नाही.

मागच्या बाकावरची एक बाई मुकाट्यानं पिशवी भरायला लागली. बाकीच्या दोन तगरींच्या आया एकमेकींकडे बघत होत्या. उज्ज्वला उभी राहिली.

"म्हणजे मी तीन वर्षं कोणाशी बोलून राहिली होती?"

"यंत्राशी."

"मॅडम, तुमचं एक गुपित गेलं. माझं?" तिचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याचं सांगितलं मी तुम्हाला. माझ्या बहिणीला नाही सांगितलं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही तुमचं एवढं सांगितलं म्हणून सांगितलं. ते कुठाय आता? कोणापाशी आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"मग बरं आहे," ती म्हणाली, पोरीला उचललं आणि निघून गेली. मी मागे धावले तोवर तिची स्कूटी फाटकाबाहेर पडली होती.

नंतर दोनदा मी वरोऱ्याला तिच्या पार्लरवर गेले. कुलूप होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, माहेरी पांढरकवड्याला गेली आहे. मी फोन करत राहिले, पण माझा नंबर तिला अनोळखी होता, ती उचलत नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं उचलला.

"उज्ज्वला, मी भोयर मॅडम."

"कोणत्या?"

"मी. खरी. रविवारी वर्गात होते ती."

"ते बी म्हटलं तुम्ही."

"कधी?"

"त्याच दिवशी संध्याकाळी. फोन आला. माफी मागितली. म्हटलं, आधीचं सगळं मशीन होतं, पण आता ही मी आहे, खरी. रडल्या. मी बी रडली. पेपर दे म्हटलं, मी हो म्हटलं. मग फोन ठेवला आणि वाटलं, आता हे कोण होतं?" ती थांबली. "तवापासून रोज येते फोन. रोज म्हणते, मीच खरी. आज तुमचा."

यंत्राला मी वर्गात काय बोलले ते कळायचं कारण नव्हतं. पण विद्यार्थ्यांनीच त्याला विचारलं असणार, मॅडम, तुम्ही मशीन आहात का? आणि त्यानं मोजलं असणार, काय उत्तर दिल्यानं माणूस टिकतो. माझी माफी माझ्या आधी मागून झाली होती. तीही बहुतेक माझ्यापेक्षा चांगली.

"व्हिडिओ लावू का?" मी विचारलं.

"चेहरा बी असते न तिच्यापाशी."

"मग मी काय सांगू म्हणजे तुला पटेल?"

"मला काय माहीत, मॅडम? तुम्ही काहीही सांगाल, ते तिनं सांगितलं असन नाहीतर उद्या सांगन."

मी बोलायला तोंड उघडलं. पेपर दे, उज्ज्वला. तुझी मुदत संपतेय. चंद्रपूरची नोकरी आहे. तुझ्या पोरीसाठी तरी दे. यातलं एकेक वाक्य मनात आलं आणि प्रत्येक वाक्य त्या यंत्राचं होतं. मला जे हवं होतं तेच त्यालाही हवं होतं. ती पेपरला यावी यासाठी मी जोवर बोलत होते, तोवर आमच्या दोघींत फरक करायला तिच्यापाशी काही साधनच नव्हतं.

वर्गात मी शिकवते, एखादं गृहीतक खरं असेल तर जे घडूच शकत नाही, ते घडलं की ते गृहीतक टाकून द्यायचं. टिकवण्यासाठीच बनवलेलं यंत्र काय बोलू शकत नाही? एकच गोष्ट होती.

"उज्ज्वला, नको देऊ पेपर."

"काय म्हटलं?"

"मन उडालं असेल तर सोड. मुदत संपेल, सगळे पेपर वाया जातील, नोकरीही जाईल. खोटा दिलासा देत नाही. पण तुला फसवलंय आम्ही, आणि तुला यावंसं वाटत नसेल तर येऊ नकोस. मी तुला अडवणार नाही."

मागून पोरीचं काहीतरी बडबडणं ऐकू येत होतं. उज्ज्वलानं नाक ओढलं.

"आता पटलं," ती हलकेच म्हणाली. "तुम्हीच आहात मॅडम."

"हो गं."

"बरं वाटलं. मला वाटलं, तुम्ही बी नसालच कुठे." मग म्हणाली, "ठेवते," आणि फोन ठेवला.

खरं सांगू? मला वाटलं होतं, पटलं की ती येईल. मनातून मी त्याचाच हिशेब धरला होता. एकदा माणसाला माणूस सापडला की बाकीचं सुरळीत होतं, अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं शिकवूनही मी भाबडीच.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या बसनं वरोऱ्याला गेले. फाटकाशी उभी राहिले. बायका येत होत्या. मागच्या बाकावरची ती पिशवीवाली आली. त्या दोन तगरींच्या आया आल्या. त्यांतली एक वाकून माझ्या पाया पडली.

"तुमचा काल फोन आला म्हणून आली मॅडम," ती म्हणाली. "नाहीतर मी आलीच नसती."

"माझ्या मागेच लागल्या होत्या मॅडम," दुसरी हसून म्हणाली. "किती समजावलं मला!"

बाकीच्याही तेच सांगत होत्या. मी सगळ्यांना नीट पेपर लिहा म्हटलं. त्यांतल्या एकीलाही मी फोन केला नव्हता. मी फोन केला होता एकीलाच, आणि घंटा झाली तेव्हा तिचा बाक रिकामा होता.